सरकारी निधीतून झालेला शोधनिबंध सर्वांसाठी खुला करताना: कोल्हापूर परिसरातील संशोधकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इचलकरंजीतील कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्यातला रंग उसाच्या चिपाडापासून तयार केलेल्या कोळशाने शोषून घेता येतो का, या प्रश्नावर कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयात तीन वर्षे काम चालते असे समजू. अनुदान केंद्र सरकारचे असते, पाण्याचे नमुने पंचगंगेच्या काठावरून आणलेले असतात, प्रयोगशाळेत रात्र-रात्र बसणारी मुले कागल, राधानगरी, शिरोळ अशा तालुक्यांतून आलेली असतात. आणि शेवटी जो शोधनिबंध तयार होतो, तो परदेशी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर अशा ठिकाणी जाऊन बसतो, की तो वाचण्यासाठी त्याच प्रोसेस हाऊसच्या मालकाला एका निबंधामागे तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. शिरोळचा शेतकरी, इचलकरंजीच्या नगरसेवकाला निवेदन लिहिणारा कार्यकर्ता, शिरोली औद्योगिक वसाहतीतला फौंड्रीचालक किंवा गारगोटीच्या शाळेतली विज्ञानशिक्षिका यांच्यापैकी कोणालाही तो सहज वाचता येत नाही. ज्यांच्या करातून हे काम झाले त्यांना ते वाचता यावे, एवढ्याचसाठी सार्वजनिक उपलब्धतेचे नियम केले गेले आहेत.

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली अनेक वर्षे काम करते आणि संशोधक प्राध्यापकांना या नियमांची पूर्तता करून देण्यात माझा बराच वेळ जातो. नियम अवघड नाहीत. मात्र ते पाळायची वेळ निबंध छापून आल्यावर येते असा जवळपास सर्वांचा समज असतो, आणि तोपर्यंत बहुतेक दारे बंद झालेली असतात. म्हणून या लेखात पायऱ्या त्या-त्या वेळेच्या क्रमाने दिल्या आहेत. सर्वांत महत्त्वाची पायरी निबंध स्वीकारल्याचे पत्र येते त्या दिवसाची आहे, आणि तिच्याबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

नियम कोणाचा आणि काय सांगतो

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने व जैवतंत्रज्ञान विभागाने मिळून डिसेंबर २०१४ मध्ये मुक्त प्रवेश धोरण जाहीर केले. पूर्णतः किंवा अंशतः या दोन विभागांच्या निधीतून झालेल्या संशोधनावरचे निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, अशी त्यातली मूळ अट आहे, आणि २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून मिळालेल्या निधीला ती लागू केलेली आहे. निबंध मुक्त नियतकालिकातच छापला पाहिजे अशी सक्ती धोरणात नाही. वर्गणी घेणाऱ्या नियतकालिकात छापला तरी चालतो, पण मग त्याची स्वीकृत प्रत (परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारलेला, पण प्रकाशकाने अजून मांडणी न केलेला मजकूर) संस्थेच्या किंवा विभागाच्या डिजिटल भांडारात, म्हणजे आपण ज्याला रिपॉझिटरी म्हणतो त्यात, जमा करावी लागते. ही प्रत निबंध स्वीकारला गेल्यापासून दोन आठवड्यांत जमा करावी अशी अपेक्षा आहे. प्रकाशकाने काही काळ ती खुली करण्यास मनाई केली असेल, तर तो मनाईचा काळ, ज्याला सगळे एम्बार्गो म्हणतात, विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विषयांत सहा महिन्यांपेक्षा आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत बारा महिन्यांपेक्षा जास्त नसावा, असे धोरण सुचवते.

याच धोरणात आणखी एक गोष्ट आहे जी फारसे कोणी वाचत नाही. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, हा निबंधाच्या किंवा संशोधकाच्या गुणवत्तेचा पर्याय म्हणून वापरू नये, असे त्यात म्हटले आहे. केवळ त्या आकड्यासाठी महागडे किंवा जाचक अटींचे नियतकालिक निवडणाऱ्या तरुण प्राध्यापकांना मी हा परिच्छेद आवर्जून दाखवते.

इतर संस्थांचे नियम याच धाटणीचे आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या प्रयोगशाळांना २००९ मध्येच तसे निर्देश दिले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे धोरण २०१३ चे आहे आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध व निबंध ‘कृषिकोश’ या भांडारात जातात. त्यामुळे येथील ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी परिषदेच्या निधीवर काम करणाऱ्यांनी ते धोरण पाहावे. जुन्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे ‘सर्ब’ची जागा आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे, ज्यांचे प्रकल्प या दोहोंच्या सांध्यावर आहेत त्यांनी ऐकीव माहितीवर न जाता स्वतःच्या मंजुरी आदेशातील अटीच प्रमाण मानाव्यात.

पहिली पायरी: मंजुरी आदेश पुन्हा वाचणे

प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र आले की पेढे वाटले जातात, प्राचार्यांच्या दालनात सत्कार होतो आणि ते पत्र लेखा विभागाच्या फाइलमध्ये जाते. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तीन गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्यात. निधी देणाऱ्या विभागाचे व योजनेचे अधिकृत पूर्ण नाव ही पहिली. मंजुरी क्रमांक ही दुसरी. तो तिरक्या रेघा, वर्ष आणि अक्षरे यांसह जसाच्या तसा उतरवावा. तिसरी म्हणजे प्रकाशनाविषयीच्या अटी. एकाच निबंधाला दोन-तीन अनुदाने लाभली असतील, उदाहरणार्थ उपकरण एका योजनेतून आले आणि विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती दुसऱ्या योजनेतून, तर प्रत्येकाची अट वेगळी लिहावी आणि त्यांतील सर्वांत कडक अट सर्वांना लागू आहे असे धरून चालावे.

याच वेळी प्रत्येक लेखकाने आपला ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, काढून घ्यावा. तो सोळा अंकी आणि विनामूल्य असतो. आपल्याकडे एकाच विभागात तीन पाटील आणि दोन कांबळे असणे ही रोजची गोष्ट आहे, त्यात आद्याक्षरेही जुळली तर कोणाचा निबंध कोणाच्या नावावर जाईल याचा भरवसा नसतो. हा क्रमांक तो घोळ कायमचा मिटवतो.

दुसरी पायरी: नियतकालिक निवडताना अटी तपासणे

निबंध पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे स्वयंसंग्रहणाचे, म्हणजे लेखकाने स्वतः प्रत भांडारात ठेवण्याविषयीचे, धोरण पाहावे. ब्रिटनमधील जिस्क ही संस्था यासाठी एक विनामूल्य शोधसेवा चालवते. वर्षानुवर्षे आपण तिला ‘शेर्पा रोमिओ’ म्हणत आलो, आता ती ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या नावाने मिळते. नियतकालिकाचे नाव टाकले की निबंधाच्या कोणत्या आवृत्तीचे काय करता येते, ती कोठे ठेवता येते, किती महिन्यांनी खुली करता येते आणि कोणत्या परवान्याखाली, हे तेथे दिसते.

आवृत्त्यांतला फरक येथेच नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. परीक्षकांकडे जाण्यापूर्वी आपण पाठवलेला मसुदा म्हणजे प्रीप्रिंट. परीक्षकांच्या सर्व सूचना अमलात आणून संपादकांनी ‘स्वीकृत’ म्हणून कळवलेला, पण प्रकाशकाने अजून मांडणी न केलेला मजकूर म्हणजे स्वीकृत प्रत. प्रकाशकाने दोन रकान्यांत मांडलेली, पृष्ठक्रमांक आणि बोधचिन्ह असलेली शेवटची फाइल म्हणजे प्रकाशित प्रत. सरकारी धोरण मागते ती मधली, म्हणजे स्वीकृत प्रत. तपासणीसाठी येणारे प्रूफ ही स्वीकृत प्रत नव्हे, कारण त्यावर प्रकाशकाची मांडणी झालेली असते. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की दरवर्षी नव्या संशोधकांसमोर बोलताना मी तिन्ही आवृत्त्या छापून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवते.

वर्गणी घेणारे बहुतेक मोठे प्रकाशक विज्ञान विषयांत स्वीकृत प्रतीवर बारा महिन्यांचा एम्बार्गो घालतात, काही नियतकालिके त्याहून जास्त. सरकारी धोरणातले सहा महिने आणि प्रकाशकाचे बारा महिने यांत विसंगती आहे आणि ती संशोधकाच्या डोक्यावर येते. माझा सल्ला असा, की आपल्या विषयात तोलामोलाची दोन नियतकालिके समोर असतील तर कमी एम्बार्गोचे निवडावे. दुसरे पर्यायच नसतील तर पुढे सांगितल्याप्रमाणे प्रत लगेच जमा करून मजकूर तेवढा मुदतीपर्यंत बंद ठेवावा आणि त्याची नोंद ठेवावी.

पैसे भरून निबंध खुला करण्याचा मार्ग प्रकाशक अगदी हात धरून दाखवतात. स्वीकृत प्रत जमा करायला एक रुपयाही लागत नाही, हे मात्र त्या पानावर ठळक लिहिलेले नसते. प्रकाशनशुल्क देण्याची वेळ आलीच, तर आधी मंजुरी आदेशात त्या खर्चाची सोय आहे का ते पाहावे. संस्थांना नियतकालिके वाचायला देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत निवडक मुक्त नियतकालिकांच्या शुल्कासाठी तरतूद ठेवलेली आहे. आपली संस्था त्या योजनेत असेल तर ग्रंथपालांकडे चौकशी करावी. आठवड्याभरात निबंध छापून देण्याची आणि शुल्क लगोलग भरण्याची विनंती करणाऱ्या ई-मेलना उत्तर देऊ नये. नियतकालिक ‘डीओएजे’ या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत आहे का, संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, हे पाहण्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात.

तिसरी पायरी: निबंध पाठवताना दोन वाक्ये लिहिणे

पहिले वाक्य निबंधाच्या ऋणनिर्देशात जाते. त्यात निधी देणारा विभाग, योजना आणि मंजुरी क्रमांक हे तिन्ही असावेत. मराठीतील सामाजिक शास्त्रांच्या नियतकालिकासाठी ते असे लिहिता येईल: ‘प्रस्तुत संशोधनास अमुक विभागाच्या अमुक योजनेतून अर्थसाहाय्य लाभले असून मंजुरी क्रमांक अमुक आहे.’ नुसते ‘शासनाचे आभार’ लिहिले तर भांडाराची शोधयंत्रणा तो निबंध त्या अनुदानाशी जोडू शकत नाही आणि अंतिम अहवालात तो मोजला जाताना अडचण येते.

दुसरे वाक्य संपादकांना लिहिलेल्या पत्रात घालावे: हे संशोधन सार्वजनिक निधीतून झाले असल्याने निबंधाची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात जमा करण्याचा हक्क लेखक राखून ठेवत आहेत. हे वाक्य घातल्यामुळे निबंध नाकारला गेल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि पुढे वाद झालाच तर आपण पहिल्या दिवसापासून हे सांगितले होते याचा तो लेखी पुरावा असतो.

एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा विचार असेल तर अर्ज या पायरीच्या आधीच दाखल झाला पाहिजे. गूळ करताना रस स्वच्छ करण्याची नवी वनस्पतिजन्य पद्धत किंवा फौंड्रीतील वाया गेलेल्या वाळूपासून नवा पदार्थ, अशा कामांत निबंध एकदा जगापुढे आला की नावीन्याचा दावा कोसळतो. जमा करण्याच्या नियमामुळे पेटंट बुडते असे काही जण म्हणतात ते बरोबर नाही. ते बुडते ते निबंध आधी आणि अर्ज नंतर केल्यामुळे.

चौथी पायरी: हक्कपत्रावर सही करण्यापूर्वी

निबंध स्वीकारला गेला की प्रकाशक हक्कपत्राचा एक अर्ज पाठवतो आणि दोन दिवसांत सही करण्याची आठवण करून देतो. आनंदाच्या भरात तो न वाचता सही करून परत जातो. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मात्र मोठ्या प्रकाशकांच्या अर्जात मुदत स्वामित्वाच्या संपूर्ण काळासाठी आणि क्षेत्र जगभराचे असे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून या कलमाच्या भरवशावर राहू नये.

अर्जात तीन ठिकाणे शोधावीत: हक्क कायमचे देऊन टाकत आहोत की केवळ प्रकाशनाचा परवाना देत आहोत, स्वीकृत प्रत भांडारात ठेवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो का, आणि एम्बार्गो कोणत्या तारखेपासून मोजायचा, प्रथम ऑनलाइन आल्यापासून की अंकात छापून आल्यापासून. या शेवटच्या फरकामुळे काही नियतकालिकांत पाच-सहा महिने इकडचे तिकडे होतात. संपर्क लेखक सर्वांच्या वतीने सही करत असतो, तेव्हा सहलेखकांना अर्जाची प्रत पाठवणे हा साधा शिष्टाचार आहे, आणि सही केलेली प्रत पीडीएफ स्वरूपात जपून ठेवणे ही स्वतःची सोय आहे.

पाचवी पायरी: स्वीकृतीच्या दिवशीच प्रत जपणे

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या प्रकल्पाचा पूर्णता अहवाल पाठवायचा होता. चार वर्षांत नऊ निबंध झाले होते, सगळे चांगल्या नियतकालिकांत. सरांनी मोठ्या अभिमानाने मला नऊ फाइली दिल्या आणि त्या सगळ्या प्रकाशकाच्या छापील प्रती निघाल्या. स्वीकृत प्रती शोधायला आम्ही तीन आठवडे घेतले. एक विद्यार्थी पुण्याला नोकरीला गेला होता आणि त्याचा जुना लॅपटॉप विकला गेला होता. एका विद्यार्थिनीच्या पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सरांनी पाहिलेले’ अशा तीन फाइली होत्या आणि परीक्षकांनी नेमकी कोणती पाहिली हे कोणालाच आठवत नव्हते. २०१९ च्या महापुरात एकाच्या घरी पाणी शिरले त्यात त्याचा संगणकच गेला होता. नवांपैकी तीन प्रती हाती लागल्या. बाकीच्या सहा निबंधांचे काम सरांनी मनापासून केलेले होते, निधीचा हिशेब चोख होता, तरी ते लोकांसाठी खुले करता आले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवसापासून मी सर्वांना एकच विनंती करते, की स्वीकृतीचा ई-मेल वाचल्यावर पहिला फोन घरी करावा आणि दुसरे काम प्रत जपण्याचे करावे.

ते काम असे करावे. नियतकालिकाच्या संपादन प्रणालीत प्रवेश करून आपण शेवटची पाठवलेली सुधारित फाइल उतरवून घ्यावी. आपल्या संगणकावरची नव्हे, प्रणालीतलीच, कारण तीच परीक्षकांनी पाहिलेली असते. बहुतेक ठिकाणी मजकूर, तक्ते आणि आकृत्या वेगवेगळ्या पाठवलेल्या असतात, त्या एका फाइलमध्ये योग्य जागी बसवाव्यात. बदल दाखवणारी रंगीत अक्षरे, समासातील शेरे आणि ओळींचे क्रमांक काढून टाकावेत. पहिल्या पानावर ‘स्वीकृत प्रत’ असे ठळक लिहून नियतकालिकाचे नाव, स्वीकृतीची तारीख आणि प्रकाशकाने सांगितलेले हक्कविधान घालावे. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, मिळाल्यावर तोही तेथे जोडावा. मग पीडीएफ करावी, शक्यतो दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफ-ए स्वरूपात. फाइलच्या नावात वर्ष, पहिल्या लेखकाचे आडनाव, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव आणि ‘स्वीकृत’ हा शब्द असावा. स्वीकृतीचा ई-मेल त्याच फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवावा. सवय झाली की हे सगळे पाऊण तासात होते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी येथे एक वेगळी सूचना आहे, आणि ती इतिहास, समाजशास्त्र, मराठी, शिक्षणशास्त्र अशा सगळ्या विषयांना लागू आहे. आपल्याकडे टंकलेखन करून देणारे अनेक जण अजूनही श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरतात. पडद्यावर आणि कागदावर अक्षर सुंदर दिसते, पण पीडीएफमधून मजकूर उचलला की हाती रोमन चिन्हांची खिचडी येते. असा निबंध भांडारात खुला असूनही शोधयंत्राला सापडत नाही. ‘शाहू महाराज’ किंवा ‘गुऱ्हाळ’ असे कोणी शोधले तर तो कधीच समोर येणार नाही. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, त्यावर लिहिलेला उत्तम निबंध जर मराठी शब्दांनी शोधता येत नसेल, तर तो खुला असण्याला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे, आणि पीडीएफ झाल्यावर एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा; अक्षरे जशीच्या तशी आली तर प्रत ठीक आहे. काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या असतील तर पीडीएफ दुसऱ्या पद्धतीने बनवून पाहावी.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जमा करणे

आपल्या विद्यापीठाचे किंवा महाविद्यालयाचे भांडार असेल तर प्रत तेथे जमा करावी. नसेल तर धोरणात दोन्ही विभागांसाठी ‘सायन्स सेंट्रल’ नावाची केंद्रीय भांडारे सांगितली आहेत. ती उघडण्यात किंवा खाते मिळण्यात अडचण आली तर थांबून राहू नये; त्या पानाचे छायाचित्र तारखेसह ठेवावे, विभागाला ई-मेल करावा आणि प्रकाशकाची परवानगी असेल तर प्रत ‘झेनोडो’सारख्या सर्वसाधारण विनामूल्य भांडारात ठेवावी. रिसर्चगेटवर निबंध टाकला की अट पूर्ण झाली असे अनेकांना वाटते. ते एका खासगी कंपनीचे संकेतस्थळ आहे, अनुदानाच्या अर्थाने भांडार नव्हे, आणि प्रकाशित प्रत तेथे टाकणे हा बहुतेक वेळा प्रकाशकाच्या कराराचा भंग असतो.

जमा करताना भरायचा तपशील, म्हणजे मेटाडेटा, घाईत उरकू नये. शीर्षक, सर्व लेखकांची नावे व ऑर्किड क्रमांक, नियतकालिक, स्वीकृतीची तारीख, डीओआय, निधीचा मंजुरी क्रमांक, एम्बार्गो संपण्याची तारीख आणि परवाना एवढे असावेच. सारांशाच्या रकान्यात इंग्रजीबरोबर आठ-दहा ओळींचा मराठी सारांश घालावा, हा माझा आग्रह आहे, नियमाचा नाही. रंगशोषणाच्या आपल्या उदाहरणात ‘पंचगंगा’, ‘इचलकरंजी’, ‘सांडपाणी’, ‘उसाचे चिपाड’ हे शब्द त्यात आले तर ज्यांच्यासाठी ते काम आहे ती माणसे तेथपर्यंत पोहोचतील.

तारखांचा हिशेब एकदा मांडून पाहू. निबंध ३ मार्चला स्वीकारला गेला, तर १७ मार्चपर्यंत तो भांडारात जमा झालेला असावा. तो २० एप्रिलला ऑनलाइन प्रसिद्ध झाला आणि एम्बार्गो तेव्हापासून सहा महिन्यांचा असेल, तर मजकूर २० ऑक्टोबरला खुला होईल. प्रकाशकाची अट बारा महिन्यांची असेल तर पुढच्या वर्षीच्या २० एप्रिलला. मधल्या काळात शीर्षक, सारांश आणि तपशील सर्वांना दिसतात, फक्त पूर्ण मजकूर बंद असतो. डीस्पेस, ईप्रिंट्स यांसारख्या भांडार चालवणाऱ्या संगणक प्रणालींत ही तारीख भरली की मजकूर त्या दिवशी आपोआप खुला होतो, आणि तोपर्यंत वाचकाला लेखकाकडे प्रत मागण्यासाठी एक बटण देता येते. अशी विनंती आली तर तिला त्याच दिवशी उत्तर द्यावे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अशी एक विनंती एका फौंड्रीच्या पर्यवेक्षकाकडून आली होती. कास्टिंगमध्ये पडणाऱ्या वायूच्या छिद्रांवरचा तो निबंध होता आणि तो लिहिणाऱ्या मॅडमनी प्रत तर पाठवलीच, शिवाय दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी अर्धा तास फोनवर बोलल्या.

निबंधासोबत मूळ आकडेवारी ठेवायची असेल तर थोडे थांबून विचार करावा. रुग्णांची ओळख पटेल असे काहीही खुले करू नये. राधानगरी-दाजीपूरच्या परिसरातील कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी नेमके अक्षांश-रेखांश खुल्या फाइलमध्ये देऊ नयेत, कारण निबंध अभ्यासकाप्रमाणेच कंद उकरून नेणाऱ्यालाही खुला असतो.

परदेशी निधीचा भाग असेल तर

परदेशातील सहकाऱ्यांबरोबर काम करताना त्यांच्या निधीचे नियमही निबंधाला लागतात, आणि ते आपल्यापेक्षा कडक आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतील निबंधांना पूर्वी बारा महिन्यांपर्यंतची सवलत होती. १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या जाणाऱ्या निबंधांसाठी ती राहिलेली नाही, स्वीकृत प्रत पबमेड सेंट्रल या त्यांच्या खुल्या भांडारात जमा करून ती प्रकाशनाच्या दिवशीच खुली व्हावी लागते. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमातही प्रकाशनाबरोबरच मुक्त प्रवेश द्यावा लागतो. वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या इंडिया अलायन्स या निधी देणाऱ्या संस्थेचे निबंध युरोप पीएमसी या भांडारात जातात. प्रत कोणी जमा करायची हे सहलेखकांनी पाठवण्यापूर्वीच ठरवावे, नाहीतर दोन्ही बाजूंना वाटत राहते की ते काम दुसऱ्याने केले.

पीएच.डी.च्या प्रबंधाचा मार्ग स्वतंत्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे जाते आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारात ठेवली जाते. प्रबंध तेथे असला म्हणजे त्यातून निघालेल्या निबंधांची अट पूर्ण झाली, असे होत नाही. दोन्ही वेगळे करावे लागतात.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ आल्यावर हे कशाला, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार विचारला जातो. मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांना वाचायला मिळावीत अशी सोय आहे. ग्रंथपाल म्हणून मला तिचे मोल ठाऊक आहे. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांतील लोकांसाठी आहे. शिरोळचा शेतकरी, गावातला डॉक्टर, निवृत्त शिक्षक किंवा संस्थेतून बाहेर पडलेला आपलाच माजी विद्यार्थी तिच्या बाहेर राहतो. शिवाय अनुदानाची अट या योजनेने रद्द झालेली नाही.

सातवी पायरी: पुरावा आणि जुने निबंध

प्रत जमा झाल्यावर भांडार एक कायमचा दुवा किंवा नोंद क्रमांक देते. तो मंजुरी क्रमांक, डीओआय, जमा केल्याची तारीख आणि खुला होण्याची तारीख यांसह एका साध्या तक्त्यात लिहावा. प्रगती अहवाल, पूर्णता अहवाल आणि नव्या प्रकल्पाचा अर्ज या तिन्ही वेळी तो उपयोगी पडतो. धोरणानुसार पुढच्या अनुदानाच्या वेळी जमा केलेल्या निबंधांचे क्रमांक विचारले जाऊ शकतात. निधी कसा वापरला ते दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच या तक्त्याची छापील प्रत ठेवली तर प्रमुख संशोधक बदलले किंवा निवृत्त झाले तरी ती सापडते.

राहिले २०१२-१३ नंतरचे जुने निबंध. त्यांची यादी करून प्रत्येकासाठी आधी नियतकालिकाची संपादन प्रणाली पाहावी. अनेक ठिकाणी काही वर्षांपूर्वीच्या फाइलीही उतरवता येतात. मग सहलेखकांचे ई-मेल शोधावेत, कारण संगणक बदलतात पण ‘सर, शेवटचा मसुदा जोडला आहे’ असे लिहिलेला जुना ई-मेल बहुधा राहतो. तेथेही नसेल तर प्रकाशकाची परवानगी विचारावी. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी जगभर मुक्त प्रवेश सप्ताह असतो आणि धोरणानुसार प्रत्येक संस्थेने त्या सुमारास एक दिवस यासाठी ठेवणे अपेक्षित आहे. आमच्याकडे त्या दिवशी भाषण ठेवत नाही. दुपारी दोन ते पाच संगणक कक्ष मोकळा ठेवतो, प्रत्येक विभागातून दोघे-तिघे आपापले लॅपटॉप आणि जुने पेन ड्राइव्ह घेऊन येतात, आणि ज्याची प्रत सापडेल ती तेथल्या तेथे जमा करून घेतो. गेल्या वेळी आलेल्यांत ते ज्येष्ठ सरही होते. विद्यार्थिनीच्या जुन्या ई-मेलमध्ये त्यांना सहापैकी एक प्रत सापडली होती.